बेसबॉलचा सीझन चालू असताना गाणं, वाचन, चालणं कसं सांभाळता?

सदाफुली

नमस्कार. इथे बेसबॉल बघणारी मराठी माणसं किती आहेत माहीत नाही, पण पिट्सबर्गच्या एका जुन्या धाग्यावर दोघातिघांनी पायरेट्सचा, म्हणजे इथल्या बेसबॉल संघाचा, विषय काढलेला दिसला, म्हणून विचारते.

मी मूळची ठाण्याची, कामानिमित्त इथे आले. ऑफिसातल्या मंडळींनी एकदा पीएनसी पार्कला, पायरेट्सच्या मैदानावर नेलं, त्या दिवशी पॉल स्कीन्स पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. मला तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बॅट फिरेपर्यंत चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये जाऊन बसलेला असायचा, हे एवढं बघूनच मी खिळले. तेव्हापासून एकही सामना सोडवत नाही.

अडचण अशी आहे की मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ सामने, म्हणजे जवळजवळ रोज एक. घरच्या मैदानावरचा सामना बहुतेक वेळा पावणेसातच्या सुमाराला सुरू होतो आणि अडीच-पावणेतीन तास चालतो. माझा रियाज, जेवणानंतरचं चालणं आणि झोपण्याआधीचं वाचन, सगळं नेमकं त्याच वेळेतलं. ठाण्याला बरीच वर्षं ख्याल शिकले आहे, तो रियाज तुटू द्यायचा नाही. चालले नाही तर पाठ धरते. आणि नेमानं वाचायची सवय मला आईकडून लागली, ती जाताना बघवत नाही.

नवरा म्हणतो, रोज कशाला बघतेस, सकाळी निकाल बघ. पण निकालासाठी मी बघतच नाही. तो खेळ चालू असलेला मला हवा असतो. कुठलीही गोष्ट न सोडता हे कुणी जमवलं असेल तर सांगा.

---

चालता_बोलता

सदाफुली, मी स्क्विरल हिलला राहतो, आता निवृत्त आहे. इथे आलो तेव्हा पायरेट्सचं जुनं मैदान, थ्री रिव्हर्स स्टेडियम, उभं होतं. माझं सरळ उत्तर: आठवड्यातून एखादा सामना बघावा, बाकीचे रेडिओवर ऐकावेत. डोळे आणि पाय मोकळे राहतात, आणि तुझ्या तीनपैकी दोन गोष्टी तिथेच सुटतात.

हे मी तडजोड म्हणून सांगत नाहीये. माझं बालपण सदाशिव पेठेतलं, घरात रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागायचं आणि आई एकीकडे स्वयंपाक करायची. खेळ कानानं बघायची सवय तिथली. बेसबॉलला ती सवय क्रिकेटपेक्षाही जास्त मानवते, कारण दोन चेंडूंच्या मध्ये निवेदकाला गप्पा मारायला जागा असते. आणि गाव कुठलं आहे ते बघ: बेसबॉलचा सामना रेडिओवर पहिल्यांदा लागला तो ५ ऑगस्ट १९२१ ला, इथल्याच केडीकेए केंद्रावरून, पायरेट्सच्या तेव्हाच्या फोर्ब्स फील्ड मैदानावरून. पायरेट्सनी फिलीजना ८-५ असं हरवलं. हॅरॉल्ड आर्लिन नावाचा पंचविशीतला निवेदक बोलत होता. त्या गावात राहून रेडिओ न लावणं मला जमणारच नाही.

आता चालण्याचं. सामना नऊ इनिंग्जचा, मी पहिल्या इनिंगला घरातून निघतो. शेन्ली पार्क, पँथर हॉलो, तिथून वर ओकलंडला. फोर्ब्स फील्ड १९०९ ते १९७० तिथेच होतं. ते पाडलं, पण बाहेरच्या भिंतीचा एक तुकडा ठेवलाय, विटांचा, वर वेल चढलेला. होम प्लेट, म्हणजे फलंदाजाच्या जागेची पाटी, विद्यापीठाच्या पॉझ्वर हॉलमध्ये जमिनीत काचेखाली आहे, कुणीही जाऊन बघावी. चौथ्या इनिंगच्या आसपास मी त्या भिंतीशी पोचतो, कठड्यावर टेकतो आणि एक-दोन इनिंग्ज तिथेच ऐकतो. १३ ऑक्टोबर १९६० ला याच मैदानाच्या भिंतीवरून बिल मॅझरॉस्कीचा चेंडू बाहेर गेला आणि पायरेट्सनी न्यूयॉर्क यँकीजविरुद्धची वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाची अंतिम मालिका, जिंकली. सातवा सामना, नववी इनिंग, १०-९. त्या सिरीजमधल्या सगळ्या धावा मोजल्या तर यँकीजच्या ५५ आणि आपल्या २७! तरी सिरीज आपली. याहून मोठा दिलासा हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला कुठून मिळणार, आणि पायरेट्सचा चाहता म्हणजे १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं विजयांपेक्षा पराभव जास्त बघितलेला माणूस.

दर १३ ऑक्टोबरला त्या भिंतीशी लोक जमतात आणि त्या सामन्याचं जुनं रेडिओ प्रक्षेपण पहिल्यापासून ऐकतात, अशा वेळी सुरू करून की होमरन बरोबर तीन छत्तीसला यावा, जसा तेव्हा आला. १९८५ साली एक चाहता एकटाच टेप घेऊन तिथे येऊन बसला, तिथून ही प्रथा. मीही जातो. सगळ्यांना शेवट ठाऊक असतो आणि तरी आठव्या इनिंगपासून कुणी बोलत नाही.

परतीला पुन्हा उद्यानातून. घरी पोचतो तोवर सातवी-आठवी इनिंग. मग व्हरांड्यात बसून शेवटचं ऐकायचं.

स्कोअरवहीबद्दलही सांगतो, कारण तुझ्या वाचन-लेखनाच्या भुकेला ती उपयोगी पडेल. रविवारी दुपारचा सामना असतो तेव्हा मी चालत नाही, वही घेऊन बसतो. प्रत्येक जागेला आकडा: पिचर १, कॅचर २, मग ३, ४, ५ हे तीन बेस, शॉर्टस्टॉप ६, आउटफील्डचे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपनं उचलून दुसऱ्या बेसला, तिथून पहिल्याला असा डबल प्ले, म्हणजे एका फटक्यात दोघे बाद, झाला की ६-४-३. स्ट्राइकआऊटला, म्हणजे फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद झाला की, इंग्रजी के, आणि बॅट न फिरवताच बाद झाला तर तोच के उलटा. ही पद्धत बसवण्यात ज्याचा मोठा वाटा तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, आधी न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. शिवाजी पार्कावर स्कोअर लिहिलेल्या माणसाला ही वही दोन दिवसांत हातात बसते. आणि १९६० च्या त्या सातव्या सामन्याचा कागद तू बघच: दोन्ही बाजूंना एकसुद्धा के नाही. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात तसा दुसरा सामना झालेला नाही.

माझ्या वहीच्या समासात मी त्या दिवशी काय वाचलं आणि काय ऐकलं तेही लिहितो. ‘मन्सूर, बिहागडा, पाऊस, ४-३ हरलो’ असं. जुनी वही काढली की तो अख्खा दिवस समोर उभा राहतो.

---

निळीशार

चालता_बोलता, चालण्याचं अगदी पटलं, पण गाण्याच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे, आणि ते मी ठामपणे मांडते. रियाज रेडिओबरोबर होत नाही. ऐकणं होईल, गाणं नाही. षड्ज लावायचा तर घरात दुसरा आवाज नको, मनातही नको. सदाफुली तानपुरा लावून शेजारी स्कोअर उघडा ठेवत असेल तर तिचं दोन्हीकडे नुकसान आहे.

मी शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते, शिकागोच्या कब्ज या संघाची चाहती. आमची सोय अशी की आमच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर, ऑगस्ट १९८८ पर्यंत दिवेच नव्हते. १९१४ पासूनचं मैदान आणि सगळे सामने उन्हात! आजही कित्येक सामने दुपारी एक वीसला असतात. त्या दिवशी मी कामातून सवड मिळेल तसं ऐकते आणि संध्याकाळ पूर्ण गाण्याची. तू सीझनचं वेळापत्रक घे आणि दुपारचे सामने, सुट्टीचे दिवस आणि पश्चिम किनाऱ्यावरचे सामने यांना वेगवेगळ्या रंगांच्या खुणा कर. पायरेट्स कॅलिफोर्नियात गेले की सामना तुझ्या रात्री साडेनऊ-दहाला सुरू होतो, म्हणजे संध्याकाळ मोकळी. उरलेल्या दिवशी रियाज पहाटे हलव. आपल्याकडे गुरू पहाटेच खर्ज लावायला सांगत आलेत, त्यात नवीन काही नाही.

आणखी एक. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलं, बेस मोकळे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचाच. त्यामुळे सामन्याची सरासरी वेळ आदल्या वर्षीच्या ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आली. चोवीस मिनिटं वाचली. त्यात एक छोटा ख्याल नीट होतो. मी तरी ती गाण्याकडे वळवली आहेत.

पण बेसबॉलमधलं स्वतःचं संगीतही ऐकण्यासारखं आहे हे इथे कुणी बोललं नाही म्हणून सांगते. मैदानावर ऑर्गन वाजायला सुरुवात रिग्लीलाच झाली, १९४१ मध्ये. पण मला खरा जीव लागला तो शिकागोतल्याच आमच्या प्रतिस्पर्धी व्हाइट सॉक्सच्या नॅन्सी फॉस्टवर. १९७० ते २०१० अशी चाळीस वर्षं ती त्यांच्या मैदानावर ऑर्गन वाजवत होती. बॅटर येतोय, त्याचं नाव काय, आज काय घडलंय, यावरून क्षणात एखादी ओळखीची धून उचलायची आणि वाजवायची. ज्यांना कळायचं ते हसायचे. याला हाताशी केवढा संग्रह लागतो आणि किती जागं राहावं लागतं! हार्मोनियमवर साथ करणाऱ्याला हे काम काय आहे ते लगेच कळेल. सातव्या इनिंगच्या मध्ये अख्खं मैदान उभं राहून जे गाणं म्हणतं ते १९०८ सालचं. समालोचक हॅरी केरी ते आपल्या खोलीतून स्वतःशीच गुणगुणायचा, १९७६ मध्ये त्याचा आवाज माइकवरून मैदानभर सोडला, आणि साथीला नॅन्सीच होती. पुढे तो कब्जकडे आला आणि ती प्रथाही इकडे आली. हजारो बेसूर माणसं एका पट्टीत यायला धडपडतात, आणि शेवटच्या ओळीला खरंच येतात. मला दर वेळी अंगावर काटा येतो.

---

गोदाकाठ

मी नाशिकहून लिहितोय, त्यामुळे माझं वेळापत्रक तुम्हा सगळ्यांच्या उलट. पिट्सबर्गचा पावणेसातचा सामना इथे पहाटे सव्वाचारला लागतो. पाचला मी गोदापार्कवर असतो, कानात रेडिओ. अॅपवर नुसतं ऐकायची वर्गणी चित्रासकटच्या वर्गणीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. चालून घरी येतो तोवर पाच-सहा इनिंग्ज झालेल्या असतात, चहाबरोबर उरलेला सामना. कॅलिफोर्नियातला असेल तर सकाळी सात-साडेसातला सुरू होतो, तो मात्र कामाच्या गडबडीत बुडतो.

पायरेट्सच का, तर २००८ मध्ये त्यांनी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं. टीव्हीवरच्या वेगवान चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडलेली पोरं, आयुष्यात बेसबॉल न खेळलेली. ती मुख्य संघापर्यंत पोचली नाहीत, कनिष्ठ लीगमध्येच खेळली, पण भारतात वाढलेले पहिलेच कुणीतरी अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमध्ये उतरले. मी तेव्हा त्यांच्या रोजच्या आकड्यांसाठी स्कोअरकार्ड वाचायला लागलो, आणि ती पोरं संघातून गेली तरी वाचन राहिलं.

वाचनाबद्दल म्हणाल तर मला स्कोअरकार्ड वाचणं हेच वाचन वाटतं. पंधरा-वीस ओळींत अख्खा सामना. कुठल्या इनिंगला पिचर थकला, कुणाला बेसवर ठेवून इनिंग संपली, सगळं दिसतं. तुम्ही पिट्सबर्गकर मंडळी भाग्यवान आहात, त्या जागा पायी बघू शकता. क्लेमेंटेचा पूल कसा आहे हो? मी फक्त फोटो बघितलेत.

---

सदाफुली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. निळीशारताई, आजच वेळापत्रक छापून घेतलं आणि दुपारच्या सामन्यांवर हळदी रंगाची खूण केली. रियाज सकाळी सहाला करून बघते. तानपुरा आणि स्कोअर एकत्र नको हे मलाही आतून माहीत होतं, कुणीतरी ठामपणे सांगायला हवं होतं.

चालता_बोलता काका (काका म्हटलं तर चालेल ना?), त्या भिंतीशी कालच जाऊन आले. मी रोज तिथून शंभर पावलांवर बस पकडते! आता दोन प्रश्न. पायी बघण्यासारखं आणखी काय आहे? आणि सामन्यांशी नातं असलेलं पण नुसत्या आकडेवारीचं नसलेलं वाचायला काय सांगाल? ऑक्टोबरनंतरची रिकामी संध्याकाळ आत्ताच दिसायला लागलीय.

---

चालता_बोलता

काका चालेल की.

आधी गोदाकाठला उत्तर. पूल पिवळा आहे, लोखंडी, अॅलेगनी नदीवर एकासारखे एक तीन पूल ओळीनं आहेत त्यातला. सामन्याच्या दिवशी गाड्या बंद करतात आणि सगळा पूल माणसांचा होतो. त्याच्या पलीकडच्या टोकाशी पायरेट्सचा खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याचा पुतळा, ज्याच्या पायथ्यात पोर्तो रिको, फोर्ब्स फील्ड आणि थ्री रिव्हर्स इथली माती ठेवली आहे. त्याचे बरोबर ३००० हिट्स, शेवटचा ३० सप्टेंबर १९७२ ला. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान सान हुआनजवळ समुद्रात कोसळलं. तो स्वतः का गेला? कारण आधीची मदत लोकांपर्यंत पोचत नाही, मधल्यामध्ये चोरली जाते असं त्याला कळलं होतं. आपण बरोबर असलो तर तसं होणार नाही असं त्याला वाटलं. एवढा मोठा खेळाडू, नववर्षाच्या आदल्या रात्री, घरी तीन लहान मुलं. मी त्या पुतळ्यासमोरून न थांबता कधी गेलेलो नाही. उजव्या बाजूची मैदानाची भिंत २१ फूट उंच ठेवली आहे, त्याच्या जर्सीचा आकडा २१ म्हणून.

सदाफुली, तुझी फेरी अशी कर: क्लेमेंटे पुलावरून पलीकडे जा, नदीकाठच्या वाटेनं चाल, रेचल कार्सन पुलावरून परत ये. तिकीट नसलं तरी सामना चालू असताना जा. मैदान नदीकडे उघडं आहे, लोकांचा आवाज पाण्यावरून येतो. कानात रेडिओ असेल तर गंमत अशी होते की आरोळी आधी ऐकू येते आणि निवेदक मागून सांगतो की काय झालं.

दुसरी फेरी हिल डिस्ट्रिक्टची, आणि वाचनाचं उत्तर तिथेच आहे. ऑगस्ट विल्सन या नाटककाराचा जन्म बेडफर्ड अॅव्हेन्यूवरचा. त्याचं ‘फेन्सेस’ हे नाटक वाच. १९८७ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. नायक कचरा उचलणारा कामगार, एकेकाळी कृष्णवर्णीयांच्या लीगमधला जबरदस्त फलंदाज. मुख्य संघांची दारं उघडली तोवर त्याचं वय उलटून गेलेलं. अंगणात झाडाला बांधलेला चिंध्यांचा चेंडू आणि एक बॅट, एवढंच सामान. तू मराठी नाटकं बघून वाढलेली असशील तर त्यातला बाप-लेकाचा झगडा तुला उपरा वाटणार नाही. वाचून झालं की त्याच रस्त्यावर जॉश गिब्सनच्या नावाची पाटी शोध. तो कॅचर, होमस्टेड ग्रेज आणि क्रॉफर्ड्स या कृष्णवर्णीयांच्या लीगमधल्या संघांकडून खेळला. जानेवारी १९४७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी गेला आणि तीनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, मुख्य लीगची दारं कृष्णवर्णीयांना उघडणारा जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला. लॉरेन्सव्हिलच्या अॅलेगनी सेमेटरीत त्याची कबर आहे, १९७५ पर्यंत तिच्यावर नावसुद्धा नव्हतं. २०२४ मध्ये त्या लीगचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले, आणि कारकिर्दीच्या फलंदाजी सरासरीत त्याचं नाव तोवर पहिला असलेल्या टाय कॉबच्या वर गेलं. आकडे कोरडे असतात असं कुणी म्हणालं तर मी हे उदाहरण देतो.

कबरीपासून पेन अॅव्हेन्यूनं खाली चालत गेलं की एका जुन्या अग्निशमन केंद्रात क्लेमेंटेचं संग्रहालय लागतं. तिथे आधी वेळ ठरवून जावं लागतं, दारावर जाऊन चालत नाही.

हिवाळ्यासाठी: फोर्ब्स फील्डच्या भिंतीपासून कार्नेगी ग्रंथालय काही मिनिटांवर आहे, १८९५ सालचं, दारावर ‘लोकांसाठी मोफत’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं कोरलेली. तिथे बेसबॉलचं कपाट आहे, डेव्हिड मॅरानिसनं लिहिलेलं क्लेमेंटेचं चरित्र आधी घे. नोव्हेंबर ते जानेवारी मी तिथलंच वाचतो. मध्य फेब्रुवारीला फ्लोरिडात ब्रेडन्टनला पिचर-कॅचर सरावाला जमले की पुन्हा रेडिओचे सेल बदलायचे.

निळीशार, तुमचं रियाजाचं म्हणणं मान्य. मी गात नाही, ऐकणारा आहे, त्यामुळे तो फरक माझ्या लक्षात यायचं कारण नव्हतं. जूनमध्ये आमच्याकडे सूर्य पावणेनऊनंतर मावळतो. त्या सुमाराला सामना संपत असेल तर मी रेडिओ बंद करून मारवा लावतो, एवढंच माझं गाणं.

सदाफुली, १३ ऑक्टोबरला येणार असशील तर एकच्या आधी ये, टेप वेळेवर सुरू होते. फोर्ब्स अॅव्हेन्यूवरून ६१ च्या बसेस येतात, गाडी आणू नकोस, विद्यापीठाच्या भागात ती लावायला जागा मिळत नाही. बसायला घडीची खुर्ची आण. कोरी स्कोअरवही माझ्याकडे आहे, पेन्सिल तुझी तू आण.

---

सदाफुली

येते. त्या दिवशी सुट्टी टाकली आहे. निळीशारताई, शिकागोहून यायचं जमलं तर आमच्याकडेच उतरा. सकाळी सहाचा रियाज दोघी मिळून करू.